तोंडात काही दिसत नाही, तरी जीभ जळजळते : कारण शोधण्याची आणि आराम मिळवण्याची क्रमवार पद्धत

सांगली-साताऱ्याकडच्या कोणत्याही मेडिकल दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर “दादा, तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्सची एक पट्टी द्या,” अशी मागणी कानावर पडतेच. त्यांपैकी बहुतेकांच्या तोंडात खरोखर फोड असतात आणि ते आठ-दहा दिवसांत बरेही होतात. काहींच्या तोंडात मात्र फोड नसतो, चट्टा नसतो, लालीही नसते. तरीही जिभेचे टोक कढत चहाने पोळल्यासारखे चुरचुरत राहते, ओठ आणि टाळू हुळहुळतात, तोंडाला कडवट किंवा लोखंडासारखी चव येते. घरचे लोक आरशात पाहून “काहीच तर दिसत नाही” म्हणतात, शेजारीण “अंगात उष्णता झाली असेल” म्हणते, आणि पट्टीमागून पट्टी संपत जाते. हा लेख अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

या दुखण्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तोंडातली जळजळ रोज २ तासांहून अधिक वेळ आणि ३ महिन्यांहून अधिक काळ होत असेल, तपासणीत तोंडाचे अस्तर निरोगी दिसत असेल आणि दुसरे कोणतेही कारण सापडत नसेल, तरच हे नाव देता येते. म्हणजे हे निदान सर्वांत शेवटी करायचे असते, पहिल्याच भेटीत नव्हे. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये ते सर्वाधिक आढळते; पुरुषांना ते होते, परंतु कमी. सकाळी उठल्यावर जळजळ नसते किंवा थोडी असते, दिवस चढतो तशी ती वाढते आणि संध्याकाळी टोक गाठते, असा अनेकांचा अनुभव असतो. जेवताना किंवा काही चघळताना ती उलट कमी होते आणि झोपेतून सहसा जागे करत नाही. जिभेच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता तेथील बारीक चेतातंतू (संवेदना वाहून नेणाऱ्या नसा) विरळ झालेले आढळले आहेत, त्यामुळे याकडे आता प्रामुख्याने चेतातंतूंचा विकार म्हणून पाहिले जाते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी बरे करता येण्याजोगे कारण चिकाटीने शोधायचे आणि ते सापडले नाही, तर चेतातंतूंवरचे उपचार घ्यायचे. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. उपचाराची दिशा तेवढी बदलते. आपल्याकडे नेमके येथेच अडते. “सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका,” एवढ्यावर रुग्णाची बोळवण होते आणि तो दुसऱ्या, तिसऱ्या दवाखान्याची पायरी चढत राहतो.

पहिली पायरी : दिवसाच्या उजेडात तोंड पाहणे

ट्यूबलाइटच्या प्रकाशात जीभ नीट दिसत नाही. सकाळी खिडकीशी हातातला आरसा घेऊन बसावे, चूळ भरून घ्यावी, आणि जिभेचा वरचा भाग, दोन्ही कडा, खालची बाजू, दोन्ही गालांच्या आतला भाग, ओठांची आतली बाजू आणि टाळू एकेक करून पाहावे. कवळी असल्यास ती काढूनच पाहावे. बोटाला स्वच्छ कापड गुंडाळून जिभेचे टोक धरले की कडा मागपर्यंत दिसतात.

जीभ गुळगुळीत, चकचकीत आणि लालबुंद दिसत असेल, तिच्यावरचा खरखरीतपणा नाहीसा झाला असेल, तर लोह किंवा बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी असते. पुसल्यावर निघणारा पांढरा थर, किंवा कवळीखाली टाळूवर नेमक्या कवळीच्या आकाराची लाली, ही बुरशीची म्हणजे कॅन्डिडाची खूण असू शकते. जिभेवर नकाशासारखे आकार उमटतात आणि चार दिवसांनी त्यांची जागा बदलते, ती ‘जिऑग्राफिक टंग’. ती निरुपद्रवी असली तरी तिखटाने चुरचुरते. गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी दिसल्यास ‘लायकेन प्लॅनस’ हा अस्तराच्या दाहाचा विकार असू शकतो आणि तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

पुढची लक्षणे असतील, तर या लेखातले उरलेले काही करत न बसता आधी तपासणी करून घ्यावी : दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारी गाठ किंवा कडकपणा, पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, जळजळ एकाच बाजूला असणे, जिभेचा किंवा ओठाचा भाग बधिर होणे, गिळताना त्रास, मानेत गाठ. जीभ जळजळणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या मनात कर्करोगाची भीती असते आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारावे. बर्निंग माउथ सिंड्रोमचे रूपांतर कर्करोगात होत नाही, हे एकदा नीट ऐकून घेतले की निम्मा ताण उतरतो.

दुसरी पायरी : सुपारी, गुटखा आणि मिश्री यांचा हिशेब

या भागात ही पायरी वगळून चालणार नाही. सुपारीमुळे तोंडाचे अस्तर हळूहळू पांढरट, ताठर आणि चामड्यासारखे होते. याला ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. त्याचे पहिले लक्षण बहुधा तिखट खाताना होणारी जळजळ हेच असते, तोंड उघडण्याचा त्रास नंतर सुरू होतो. हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. तंबाखू नसलेली साधी किंवा सुगंधी सुपारीही त्याला पुरेशी होते, त्यामुळे “मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी” हे समाधान उपयोगाचे नाही. घरी एक साधी चाचणी करता येते : तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही आपली तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जातात का, ते पाहावे. दोनच बोटे जात असतील, तर दंतवैद्यांना लवकर दाखवावे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कोणत्या टपरीवर मिळतात हे तरीही गावात सगळ्यांना ठाऊक असते, आणि मावा तर उघडच मळून मिळतो.

मिश्रीची गोष्ट वेगळी आहे. भाजून कुटलेली तंबाखू सकाळ-संध्याकाळ दातांना लावणाऱ्या कितीतरी स्त्रिया अजून आहेत. डॉक्टर “तंबाखू खाता का?” असे विचारतात आणि मावशी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात, कारण मिश्री लावणे म्हणजे तंबाखू खाणे असे त्या मानतच नाहीत. सोबत सासरे किंवा सून बसलेली असेल, तर विषयच निघत नाही. मिश्री हिरड्या आणि ओठांच्या आतल्या अस्तराला थेट डिवचते आणि दिवसातून अनेकदा लावली, तर जळजळीचे निदानच अवघड होऊन बसते. ती लावत असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. सोडायला जड जात असेल, तर तेही सांगावे. ते व्यसन आहे आणि त्यावर मदत मिळते.

तिसरी पायरी : तोंडाला रोज काय लागते ते बदलून पाहणे

दोन आठवडे तोंडाला शक्य तितके सौम्य वातावरण द्यावे. टूथपेस्ट बदलावी : जिच्यात ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ हा फेस आणणारा घटक नाही, तीव्र पुदिना नाही आणि दालचिनी नाही, अशी निवडावी. लाल दंतमंजन, लवंगेची पेस्ट आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश थांबवावा. जीभ पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढण्याची सवय असेल, तर तीही सोडावी. चव बिघडल्याने रुग्ण जीभ जास्तच घासतात आणि त्याने चुरचुर वाढते. तुरटीच्या गुळण्या तोंड कोरडे करतात, म्हणून त्या नकोत. त्याऐवजी एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून दिवसातून दोन-तीन वेळा चूळ भरावी.

आहारात आपला खरा प्रश्न कांदा-लसूण मसाल्याचा आहे. मिरची कमी केली म्हणजे झाले, असे वाटते. परंतु त्या मसाल्यात दालचिनी आणि लवंगही असतात आणि काहींना या दोन्हींचा मिरचीइतकाच त्रास होतो. म्हणून दोन आठवडे मसाला पूर्ण बंद ठेवून जिरे, धने, हळद आणि ओले खोबरे यांवर भाजी करावी, मग एकेक घटक परत आणून पाहावा. याच काळात लिंबू, चिंच, टोमॅटो, लोणचे आणि आंबट द्राक्षे टाळावीत. चहा सोडण्याची गरज नाही, तो कोमट होऊ द्यावा. भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात तुपासोबत, नाचणीची पेज, आंबट न झालेले ताक हे पदार्थ चालतात. भडंग आणि खर्डा यांची आठवण होईल, तेवढे सोसावे लागते. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर पथ्य तसेच ओढत राहू नये. महिनोन्महिने बेचव खाऊन वजन घटवणारे रुग्ण स्वतःचे दुसरे नुकसान करून घेतात.

कवळी असल्यास ती रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि रोज ब्रशने घासावी. घट्ट, सैल किंवा जिभेला जागा न देणारी कवळी दुरुस्त करून घ्यावी. कवळी ज्याची बनते त्या ॲक्रिलिकची ॲलर्जी असू शकते, परंतु ती विरळ असते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (त्वचेवर करायची ॲलर्जीची चाचणी) केल्याशिवाय नवीन कवळीवर खर्च करू नये. जळजळ थांबावी म्हणून चांगले दात काढून घेणे तर सर्वथा चुकीचे आहे.

चौथी पायरी : नोंदवही

साध्या वहीत रोज तीन वेळा, सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपण्यापूर्वी, जळजळीला ० ते १० यांपैकी एक आकडा द्यावा. शेजारी त्या वेळी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, झोप कशी झाली, एवढेच लिहावे. दोन आठवड्यांच्या नोंदींतून डॉक्टरांना बरेच कळते. सकाळी १, दुपारी ४, रात्री ७ असा चढता क्रम बर्निंग माउथ सिंड्रोमशी जुळतो. फक्त जेवताना आकडा चढत असेल, तर अस्तराचा विकार किंवा ॲलर्जी शोधावी लागते. सकाळीच जळजळ जास्त आणि घशाशी आंबट येत असेल, तर आम्लपित्ताकडे पाहावे लागते.

त्याच वहीत एकदा लाळ मोजून ठेवावी. खाऊन-पिऊन किमान एक तास झाल्यावर शांत बसावे, तोंडात जमणारी लाळ न गिळता १५ मिनिटे खोकल्याच्या औषधासोबत मिळणाऱ्या मापाच्या टोपणात थुंकत राहावी. वर आलेला फेस सोडून लाळ दीड मिलिलिटरपेक्षा कमी भरली, तर तोंड खरोखर कोरडे आहे असे समजावे. बर्निंग माउथच्या अनेक रुग्णांना तोंड कोरडे वाटते, पण मोजल्यावर लाळ पुरेशी निघते. हा फरक उपचारासाठी महत्त्वाचा आहे. लाळ कमी आणि सोबत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, तर ‘शोग्रेन सिंड्रोम’ची, म्हणजे लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथी बिघडवणाऱ्या आजाराची, तपासणी लागते.

पाचवी पायरी : औषधांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. वैद्यांनी दिलेली चूर्णे आणि दुकानातून आणलेली जीवनसत्त्वेही त्यात असावीत. रक्तदाबावरील एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातील गोळ्यांनी जीभ जळजळल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. सर्दी-ॲलर्जीच्या, लघवीवरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. दम्याचा स्टेरॉइड पंप ओढल्यावर चूळ न भरल्यास तोंडात बुरशी वाढते. मधुमेहातील मेटफॉर्मिन आणि पित्तावरील पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. मात्र यांपैकी एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. जिभेच्या जळजळीपेक्षा अनियंत्रित रक्तदाब कितीतरी घातक आहे आणि पर्यायी गोळी उपलब्ध असते.

सहावी पायरी : रक्ततपासण्या

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), फॉलिक ॲसिड, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइड) एवढ्या तपासण्यांवर सुरुवात होते. जस्त व इतर बी जीवनसत्त्वे डॉक्टरांना गरज वाटल्यास. येथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे : जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्यावे. आधी दहा दिवस गोळ्या खाल्ल्या आणि मग बी-१२ तपासले, तर आकडा फुगलेला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्ताचे आकडे सुधारतात, पण बी-१२अभावी चेतातंतूंचे नुकसान चालूच राहते. त्याहून उलटा धोका बी-६चा आहे. मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतल्यास ते स्वतःच चेतातंतूंना इजा करते. जिभेच्या जळजळीसाठी वर्षभर स्वतःच्या मनाने गोळ्या खाणाऱ्यांनी पट्टीवरचे बी-६चे मिलिग्रॅम डॉक्टरांना जरूर दाखवावेत.

बी-१२चा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर कमतरता मानतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ चांगले असेल, असे नसते. माळकरी घरांतून, जेथे अंडे-मांस वर्ज्य असते, दूध-दही बेताचेच असते आणि जोडीला मेटफॉर्मिन चालू असते, तेथे हा आकडा कमी निघाला, तर आश्चर्य वाटू नये. माळ उतरवण्याची काहीही गरज नाही. इंजेक्शन किंवा योग्य मात्रेच्या गोळ्यांनी तो भरून निघतो. जिभेला त्याचा फायदा जाणवायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. लोह कमी असेल, तर जेवणासोबतचा चहा तासाभराने पुढे ढकलावा, कारण चहाने लोह कमी शोषले जाते. एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून अधिक आल्यास तो मधुमेह, आणि मग जिभेआधी साखरेकडे लक्ष द्यावे लागते.

या तपासण्या फॅमिली डॉक्टर लिहून देतात. तोंडाची तपासणी मात्र ‘ओरल मेडिसिन’ या विषयातल्या दंततज्ज्ञांकडे करून घ्यावी. अनेकांना असा विभाग असतो हेच ठाऊक नसते. सांगली आणि कराड येथे दंत महाविद्यालये आहेत. केसपेपर काढताना “दात दुखतो” असे सांगू नये, अन्यथा दुसऱ्याच रांगेत बसावे लागते. “जीभ जळजळते, तोंडात काही दिसत नाही” असे सांगावे.

सातवी पायरी : कारण सापडले नाही तर

येथे पोहोचलेल्या रुग्णाचे निदान आता पक्के झालेले असते. सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे क्लोनाझेपाम ही गोळी, परंतु गिळायची नाही. ती तोंडात विरघळवून ती लाळ जळजळणाऱ्या जागी सुमारे ३ मिनिटे धरायची आणि थुंकून टाकायची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत १ मिलिग्रॅमची गोळी अशा पद्धतीने दिवसातून ३ वेळा, १४ दिवस दिली होती आणि औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिने जळजळ अधिक कमी केली. हे झोपेच्या गटातले औषध आहे. गुंगी येते, सवय लागू शकते, वयस्कर माणूस रात्री तोल जाऊन पडू शकतो. म्हणून मात्रा आणि मुदत डॉक्टरांनीच ठरवावी. शेजाऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवर ती आणू नये.

त्याने भागले नाही, तर गॅबापेंटिन किंवा कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिन देतात. यातील दुसऱ्याने तोंड कोरडे पडते, त्यामुळे लाळ आधीच कमी असेल तर ते सोईचे नाही. अल्फा लिपोइक ॲसिड, रोज ६०० मिलिग्रॅम, याचे सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते, नंतरच्या चाचण्यांत तो उत्साह टिकला नाही. डॉक्टरांशी बोलून दोन महिने पाहायला हरकत नाही, पण मधुमेह्यांनी साखर मोजत राहावे. मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या अतिसौम्य गुळण्याही काही ठिकाणी देतात, कारण हा घटक वेदनेच्या तंतूंना कालांतराने बधिर करतो. मात्र हे ऐकून कोणी घरी लवंगी मिरची पाण्यात कालवू नये.

सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत या दुखण्यात उपयोगी ठरलेली आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले म्हणजे “डोक्यात बिघाड” ठरवले, असा अर्थ घेऊ नये. चिंता आणि अपुरी झोप वेदनेचा आवाज वाढवतात, आणि वेदना पुन्हा झोप मोडते. तो फेरा तोडणे हाच उद्देश असतो. दात आवळण्याची किंवा जीभ दातांवर घासत राहण्याची सवय असल्यास ती लक्षात आणून देणे हाही याच उपचाराचा भाग आहे. दिवसातून अनेकदा थांबून पाहावे : ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ सैल आहे का?

त्रास होतो त्या क्षणी

बर्फाचा छोटा खडा चोखणे, गार पाण्याचे घोट घेणे, बिनसाखरेचे आणि पुदिना-दालचिनी नसलेले च्युइंगम चघळणे, यांनी थोडा वेळ आराम पडतो. जिभेवर थोडे साजूक तूप धरले तरी चुरचुर निवते. तो इलाज नाही, पण अपायही नाही. दिवसभर खडीसाखर चोखणे मात्र टाळावे, दात किडतात. ज्येष्ठमधाची कांडी चघळल्याने बरे वाटते, पण ती नियमित घेतल्यास रक्तदाब वाढतो, म्हणून बीपीच्या रुग्णांनी तिच्यापासून दूर राहावे. डबीवर घटक लिहिलेले नाहीत असे कोणतेही चूर्ण किंवा भस्म जिभेला लावू नये.

उपचार सुरू केल्यावर वहीतले आकडे चालू ठेवावेत आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा भेट घ्यावी. ७ चा ३ झाला, तर उपचार लागू पडला असे मानावे. शून्याची वाट पाहत चांगले चाललेले औषध बदलू नये. काही रुग्णांची जळजळ काही वर्षांत आपोआप कमी होते, काहींची रेंगाळते. बी-१२ किंवा फेरिटिन कमी निघाले असेल, तर तीन महिन्यांनी तपासणी परत करावी. सुपारी, मावा किंवा मिश्रीची सवय असलेल्यांनी, जळजळ थांबली तरीही, दर सहा महिन्यांनी दंतवैद्यांकडून तोंड तपासून घ्यावे.